पेवातला कंदील आणि चमकणारा ठिपका

हळकुंड (सांगली)

आमचं मूळ घर हरिपूरचं. आजोबा हळदीच्या पेवांवर कामाला होते. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खणलेला रांजणासारखा खड्डा, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. आत हळकुंडं भरायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. हवा जात नाही म्हणून कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पण जी हवा किडीला जगू देत नाही ती माणसालाही जगू देत नाही. ऑक्सिजन संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. म्हणून पेव उघडलं की बराच वेळ तसंच उघडं ठेवायचं आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. आजोबा सांगायचे, कंदील सोडणारा माणूस तेवढा वेळ कोणाशी बोलायचा नाही. नजर वातीवर. वात बारीक व्हायला लागली की दोरी वर, आणि त्या दिवशी कोणी उतरायचं नाही.

२००५च्या महापुरात बरीच पेवं पाण्यात गेली, ढासळली. आता मोजकीच उरलीत.

हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. माझा मामेभाऊ एका शीतगृहात रात्रपाळीला असतो. तिथं बेदाण्याचे बॉक्स ठेवतात. (नाव लिहीत नाही.) काही महिन्यांपूर्वी तिथं अमोनियाची गळती झाली. भिंतीवर मीटर होतं, पण त्याची सेल, म्हणजे वायू ओळखणारा भाग, कधीच मेलेली, आकडा शून्यावरच. भावाला कळलं ते डोळ्यांतून धार लागल्यावर. दोन दिवस दवाखान्यात काढले, अजून जिना चढताना दम लागतो. मी रसायनशास्त्र शिकवते. वर्गात 'अमोनिया हा तीव्र वासाचा वायू आहे' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात आहे: वायू नाकाला कळायच्या आधी डोळ्याला कळला पाहिजे, आणि तो कुठला वायू आहे हेही कळलं पाहिजे.

त्यासाठी जगभर चमकणाऱ्या पदार्थांवर काम चालू आहे. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकणारे हे पदार्थ. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या चमकेला फ्लोरस्पार या खनिजाच्या खड्यावरून 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिलं. ही चमक एखाद्या वायूमुळे मंदावते, वाढते किंवा रंग बदलते. तो बदल पकडायचा, एवढंच तत्त्व.

ऑक्सिजनचं उदाहरण घ्या, कारण ते थेट आमच्या पेवाशी जाऊन भिडतं. रुथेनियम धातूचे काही संयुग-रेणू सिलिकॉन रबरासारख्या पातळ थरात मिसळून काचेवर ठिपका लावला आणि त्यावर निळा प्रकाश टाकला की ठिपका केशरी-लाल चमकतो. रेणूनं प्रकाश घेतलेला असतो आणि तो परत सोडायला त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला तर ती ऊर्जा तोच घेऊन जातो आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. लहान मुलाच्या हातातला लाडू तोंडात जायच्या आत दुसऱ्यानं पळवावा, तसं. जितका ऑक्सिजन जास्त तितकी चमक कमी. हान्स काउत्स्की यांनी १९३०च्या दशकात सिलिकावर बसवलेल्या रंगद्रव्यांत हे पाहिलं होतं, आणि किती वायूनं किती चमक कमी होते याचं गणित श्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्येच मांडून ठेवलं होतं.

म्हणजे बघा, ज्या पेवात कंदील विझतो त्याच पेवात हा ठिपका जास्त उजळतो. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ वही मिटून बसले होते. आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

आणि हा ठिपका कंदिलापेक्षा एका बाबतीत फार पुढचा आहे. चमक किती आहे हे मोजण्याऐवजी दिवा बंद केल्यावर ती किती वेळ टिकते हे मोजलं, तर ठिपका जुना झाला, थोडा फिका पडला तरी उत्तर फारसं चुकत नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची नवी यंत्रं, मत्स्यतळ्यावर वापरतात ती, याच तत्त्वावर चालतात.

तुमच्यापैकी कोणी कारखान्यात, शीतगृहात, बेदाणा शेडवर, गटारकामावर असाल तर अनुभव लिहा. मला शिकायचं आहे.

---

द्राक्षबाग (तासगाव)

ताई, धागा काढलात बरं झालं. आमच्याकडं बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. माल धुतला की ताडपत्रीच्या आत ठेवायचा आणि खाली गंधक पेटवायचं. निळी ज्योत, आणि तो वास घशात असा चिकटतो की रात्री जेवणालाही चव लागत नाही. बायका सकाळी ताडपत्री उघडायला जातात त्या तोंडाला नुसता पदर लावून. याला काही चमकणारं औषध आहे का?

---

हळकुंड

दादा, सल्फर डायऑक्साइडची गंमत अशी की तो स्वतःच चमकतो. वेगळा पदार्थ लागतच नाही. २१४ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश त्यावर टाकला की तो थोड्या लांब तरंगाचा अतिनील प्रकाश परत सोडतो. शहरातली हवा सतत मोजणाऱ्या केंद्रांत हा वायू याच पद्धतीनं मोजतात. आपल्या देशाच्या २००९च्या हवा-मानकांतही ही पद्धत लिहिलेली आहे. २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम. नायट्रिक ऑक्साइडचंही तसंच, ओझोन मिसळला की त्या अभिक्रियेतूनच प्रकाश पडतो आणि तो मोजतात. म्हणजे चमकेवरून वायू ओळखणं ही प्रयोगशाळेतली नवलाई राहिलेली नाही. फक्त ती यंत्रं कपाटाएवढी आणि लाखांत किमतीची. शेडवर ती येणार नाहीत.

पण ताडपत्री उघडणाऱ्या बायकांचं आजच काहीतरी करा. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड आहे, खाली बसतो. ताडपत्री आधी वारा येतो त्या बाजूला उभं राहून, लांबून दोरीनं ओढून उघडायची, अर्धा-पाऊण तास कोणी जवळ जायचं नाही. पदर वायू अडवत नाही. आम्ल वायूसाठीचे कार्ट्रिजवाले मास्क मिळतात, ते घ्या. ज्यांना दमा आहे त्यांना अर्ध्या पीपीएमलाही (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) त्रास होतो, त्यांना या कामाला लावूच नका.

---

पाचट (वाळवा तालुका)

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीकडं सांडपाण्याच्या विभागात आहे. कुठल्या ते नको. स्पेंट वॉशच्या, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या, टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याचा वास. नवीन पोरं म्हणतात, वास येतोय तोवर बाहेर उभं राहायचं, वास गेला की उतरायचं. मी प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो की वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही, तुझं नाक गेलं. १०० पीपीएमच्या पुढं काही मिनिटांत नाक बधिर होतं. ५००च्या पुढं माणूस काही मिनिटांत कोसळतो.

माझ्या बरोबरचा एक जण असाच रिकाम्या टाकीत उतरला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता तेव्हा माझ्याशी बोलत होता, म्हणाला 'आता कायबी वास न्हाय'. पुढचं वाक्य आलं नाही. त्याला काढायला दुसरा उतरत होता, त्याचा पट्टा मी धरून ठेवला म्हणून तो आज आहे. पहिला नाही वाचला. त्याची चप्पल टाकीच्या काठावर होती, नीट जोडून ठेवलेली.

ताई, तुमच्या आजोबांचा कंदील इथं चालला असता का?

---

हळकुंड

पाचटदादा, वाचून हात थांबला. तुम्ही पट्टा धरलात हे फार मोठं आहे. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक माणसं वाचवायला उतरलेली असतात, असं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्येच नोंदवलं होतं.

कंदील नसता चालला. म्हणूनच तर मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. ज्योत फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देते: जळायला पुरेल इतका ऑक्सिजन आहे का? साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. १९.५च्या खाली माणसानं उतरू नये असा नियम आहे. म्हणजे १७ टक्क्यांना कंदील जळत राहील आणि उतरणाऱ्याला वाटेल सगळं ठीक. हायड्रोजन सल्फाइड तर १००० पीपीएमला क्षणात मारतो, आणि १००० पीपीएम म्हणजे फक्त ०.१ टक्का. ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट टाकीत मिथेन असेल तर ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कंदीलच स्फोट करेल. कोणीही, कधीही, टाकीत किंवा गटारात ज्योत सोडू नये.

प्रत्येक वायूला त्याचा त्याचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी एक फार सुंदर युक्ती आहे. चमकणाऱ्या रेणूला तांब्याचा अणू चिकटवायचा. तांबं त्याची चमक दाबून ठेवतं. हायड्रोजन सल्फाइड आला की त्याला तांब्याची भारी ओढ, तो तांबं ओढून घेऊन काळं कॉपर सल्फाइड करतो. चांदीचं पैंजण याच वायूनं काळं पडतं, तशीच ही ओढ. तांबं सुटलं की रेणू मोकळा होऊन चमकायला लागतो. अंधारात दिवा लागतो. चमक जाण्यापेक्षा येणं केव्हाही चांगलं, कारण उजेडात थोडं कमी झालेलं डोळ्याला कळत नाही, पण काळोखात लागलेली ठिणगी लगेच कळते.

---

मीटरवाला (सातारा एमआयडीसी)

धाग्याचा विषय आवडला. पंधरा वर्षं गॅस डिटेक्टर दुरुस्त करतोय, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

बंदिस्त जागेत उतरायला आज चार वायूंचं मीटर लागतं: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड. त्यातल्या विषारी वायूंच्या सेल विद्युत-रासायनिक असतात आणि साधारण दोन-तीन वर्षांत संपतात. हळकुंडताईंच्या भावाच्या शीतगृहात तेच झालं. आकडा शून्य दिसतो आणि लोक खूश होतात. शून्य म्हणजे 'वायू नाही' की 'सेल मेली' हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी बंप टेस्ट करतात, माहीत असलेला वायू क्षणभर देऊन मीटर ओरडतं का ते बघायचं. आमच्याकडं येणाऱ्या दहापैकी किती मीटरवर ती रोज होते, हे विचारलं की समोरचा माणूस खाली बघतो.

चमकणाऱ्या पदार्थांबद्दल मला चार अडचणी दिसतात. दमट हवा. तापमान, कारण गरम झाल्यावर बहुतेक चमक तशीही कमी होते. ओळख, म्हणजे समजा अमोनियाला लाल होणारी एखादी पट्टी केली, तर ती दुसऱ्या कुठल्या वाफेलाही लाल होते का? आणि प्रकाशानं होणारी झीज. तांब्याची युक्ती छान आहे, पण ती एकदाच चालते. कॉपर सल्फाइड झालं की परत मूळ पदावर येत नाही. तो बिल्ला झाला, मीटर नव्हे.

---

हळकुंड

चारही मुद्दे मान्य. झिजेबद्दल तर आपल्या सगळ्या घरांत पुरावा आहे. हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन उन्हात टाकला की डाग उडतो. हळदीला पिवळा रंग देणारा करक्युमिनचा रेणू उन्हानं तुटतो. आणि त्याच डागाला साबण लावला की तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. अमोनियाही अल्कधर्मी. म्हणजे मीटरवाल्यांचा तिसरा मुद्दाही त्याच डागात आहे: पट्टीला साबण आणि अमोनिया यांत फरक कळत नाही.

मागच्या आठवड्यात मी हे स्वतः करून पाहिलं, ते सविस्तर लिहिते. मार्केट यार्डात ओळखीच्या अडतीवर नोटा तपासायची अतिनील टॉर्च असते. ती घेऊन आले. हळदपूड स्पिरिटमध्ये ढवळून गाळली. नुसत्या डोळ्याला पिवळं दिसणारं ते पाणी टॉर्चखाली हिरवट-पिवळं असं पेटलं की स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याचा उजेड पडला. आई म्हणाली, 'हे रोज आमटीत घालतो आपण?' त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवल्या. मग अंगणात एका बाटलीत चिमूटभर नवसागर आणि चुना ओलसर करून कालवला. त्यातून अमोनिया निघतो. बाटलीच्या तोंडावर पट्टी धरली. सुकी पट्टी बराच वेळ तशीच. थोडी ओलसर केलेली पट्टी मात्र कडेकडेनं विटकरी होत गेली, जणू कोणी कुंकवाचं बोट फिरवलं. टॉर्च मारली तर तेवढाच भाग अंधारा, बाकी चमकणारा. बाजूला काढून वाऱ्यावर धरल्यावर हळूहळू पुन्हा पिवळी झाली.

पण ओल्या पट्टीची मुळातली चमकच कमी होती. पाण्यात करक्युमिन फारसं चमकत नाही. म्हणजे ओल हवी वायू पकडायला आणि कोरडेपणा हवा चमकायला. ही एकच ओढाताण सोडवण्यासाठी किती माणसं किती वर्षं राबत असतील, हे त्या पट्टीकडं बघताना कळलं.

ओळखीच्या प्रश्नावर मात्र मोठी आशा आहे ती धातू-सेंद्रिय जाळ्यांकडून. ज्यांच्यासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तीच ही जाळी. बेदाणा शेडमध्ये जाळीचे रॅक एकावर एक असतात आणि मधून वारा खेळतो, तसं रेणूंच्या मापाचं बांधकाम. खांबांच्या जागी धातूचे अणू, आडव्या दांड्यांच्या जागी सेंद्रिय रेणू. पोकळीचं माप ठरवता येतं, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते काही अंशी ठरवता येतं. खांब युरोपियमचे केले तर जाळं लाल चमकतं, टर्बियमचे केले तर हिरवं. दोन्ही मिसळून एकाच रंगावर वायूचा परिणाम होईल असं केलं, तर लाल आणि हिरव्याचं गुणोत्तर वाचायचं. टॉर्च कमजोर झाली तरी दोन्ही सारखेच कमी होतात, गुणोत्तर फारसं हलत नाही.

आणखी एक, टिमथी स्वॅगर यांनी एमआयटीत १९९०च्या दशकात केलेलं. चमकणाऱ्या रेणूंची लांब साखळी करायची. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची ना, तसं साखळीला कुठंही एक रेणू चिकटला की लांबलचक तुकडा विझतो. स्फोटकांची अगदी पुसट वाफ त्यांनी यावर पकडली, आणि सुरुंग शोधायला त्याची यंत्रं निघाली.

---

अकरावी_ब (मिरज)

ताई, मला हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात करायचा आहे. चालेल का? आणि पट्टीवरून किती पीपीएम ते सांगता येईल का?

---

हळकुंड

जरूर कर, पण उघड्यावर, सरांच्या समोर, आणि नवसागर चिमटीपेक्षा जास्त घेऊ नकोस. नाक बाटलीवर न्यायचं नाही. टॉर्च कोणाच्या डोळ्यांत मारायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. स्पिरिट असेल तिथं काडी ओढायची नाही.

पीपीएम सांगता येणार नाही, आणि तक्त्यावर तसं ठळक लिही. तुझी पट्टी 'आहे' म्हणेल, 'किती' म्हणणार नाही. अमोनियाची कामाच्या जागेची मर्यादा २५ पीपीएम आणि जिवाला तात्काळ धोका ३०० पीपीएमला. या दोन आकड्यांमधलं अंतर ओळखायला मोजमाप लागतं. परीक्षकांनी विचारलं तर हळदीच्या कागदानं अल्क ओळखायची रीत फार जुनी आहे हेही सांग.

---

पाचट

ताई, तुमचं सगळं वाचलं. आमच्या पोरांना ते धातूचं जाळं वगैरे कळायला वेळ लागेल, पण ज्योतीचं आणि नाकाचं उद्याच सांगतो. मला एकच पाहिजे. पोरगा शिडीवर असताना त्याच्या छातीवर असं काहीतरी लागलेलं असावं की वरून मला दिसेल. त्याला स्वतःला बघायला सुचत नाही, तो कामात असतो. वरच्याला दिसलं पाहिजे.

---

मीटरवाला

पाचटराव, हा मुद्दा मी पंधरा वर्षांत कोणाकडून ऐकला नव्हता. मीटर ओरडतं ते उतरलेल्या माणसासाठी. पंपाच्या आवाजात वरच्याला ऐकू येत नाही. छातीवर अंधारात पेटणारा बिल्ला असेल तर तो एकदाच चालणारा असला तरी हरकत नाही, माझं आधीचं म्हणणं इथं मागं घेतो. एकदाच पेटायला हवा. मात्र मीटरच्या जोडीला, मीटरऐवजी नाही. आणि उतरण्याआधी नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणची हवा तपासायची, कारण वायू थराथरानं बसतात.

---

हळकुंड

दादा, हे मी वहीत लिहून घेतलं. 'वरच्याला दिसलं पाहिजे.' पेवावर कंदील सोडणारा माणूसही वरच उभा असायचा.

हरिपुरात आमच्या चुलत्यांच्या परड्यात एक पेव अजून धड आहे. रिकामं, पण दोन पावसाळे बंद आहे. चुलते ते उघडायचं म्हणतायत. कोणीही उतरणार नाही, हे आधीच ठरलंय. रविवारी सकाळी दहाला उघडू, दोरीनं आधी मीटरची नळी सोडू, आणि एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून मिळालेली ऑक्सिजनची ठिपकेवाली काच निळ्या एलईडीबरोबर बांधून खाली सोडू. चुलत्यांना काच उजळताना बघायची आहे. चार वायूंचं मीटर कोणाकडं आहे का?

---

मीटरवाला

माझ्याकडं आहे. पंपवालं, दहा मीटर नळी. कॅलिब्रेशन झालेलं आहे, तरी शनिवारी रात्री बंप टेस्ट करूनच निघतो. रविवारी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरतो.

---

पाचट

मी पण येतो. दोरी माझी आणतो, वजनाला तपासलेली आहे.